सांबा सोल, फंक आणि आजचे रेट्रो अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी आमच्या घरी सात-आठ जण रेकॉर्ड ऐकायला जमतात. गेलं वर्षभर ब्राझील चालू आहे. दर वेळी एखादा नवा माणूस येतो आणि तेच प्रश्न विचारतो. उत्तर देता देता एक बाजू संपते आणि चहाही गार होतो. म्हणून एकदाच लिहून ठेवलं आहे.

सांबा सोल म्हणजे नेमकं काय?

खाली सांब्याचा, म्हणजे ब्राझीलच्या नाचाच्या संगीताचा ताल आणि वर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल-फंक संगीताची गिटार, ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) आणि इलेक्ट्रिक बास, अशी याची व्याख्या. ती ऐकून आजवर कुणालाही काही कळलेलं नाही, म्हणून आपल्या पद्धतीनं सांगतो.

अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या फंकमध्ये सगळं वजन पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर. ड्रम, बास, ब्रास सगळे तिथे एकदम पाय आपटतात आणि उरलेल्या मात्रांत एकमेकांना जागा देत खेळतात. सांबा दोन मात्रांचा असतो. त्यातल्या मोठ्या ढोलाला सुर्दू म्हणतात. खर्जातला सुर्दू पडतो तो दुसऱ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेवर त्याला चढ्या आवाजाचा दुसरा सुर्दू हलकं उत्तर देतो. म्हणजे फंकला समेचा सोस आणि सांब्याला दुसऱ्या मात्रेची ओढ. ही दोन वजनं एकाच गाण्यात नांदायला लागली की ऐकणारा आपसूक डोलायला लागतो. सांबा सोल म्हणतात ते हेच.

माझा भाचा गणपतीत पथकात ढोल वाजवतो. त्याला पोह्यांचा रिकामा डबा दिला आणि सांगितलं, पायानं एक मोज, पण डब्यावर हात फक्त दोनवर मार. पहिली पाच मिनिटं हात पायाच्या मागे धावत होता. मग एकदम बसलं. तो थांबेचना. शेवटी आईनं डबा काढून घेतला. तुम्हीही घरी करून बघा. हे दहा मिनिटं केलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

सांबा-रॉक, सांबा-फंक, सांबा-सोल हे वेगवेगळे प्रकार आहेत का?

दुकानदारांसाठी आहेत. साधारण फरक असा: सांबा-रॉक हा साव पावलोतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या नाचाशी जोडलेला शब्द. जोडीनं, हात न सोडता गिरक्या घेत नाचायचं. साव पावलो शहरानं २०१६ मध्ये त्याला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. सांबा-फंक म्हटलं की रिओचे ब्रास सेक्शनवाले बँड. सांबा-सोल म्हटलं की गळा आणि गाणं पुढे. एकाच अल्बमवर तिन्ही चिठ्ठ्या चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा यात डोकं घालू नका.

मी "ब्राझीलचा फंक" लावला तर भलतंच काही तरी लागलं. बास एवढा की कप हलले. चुकलं कुठे?

चूक तुमची नाही. आज ब्राझीलमध्ये फंक म्हटलं की रिओच्या फावेलांमधून, म्हणजे गरीब वस्त्यांमधून आलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याची मुळं अमेरिकेतल्या मायामी बासमध्ये, आणि १९८९ मध्ये डीजे मार्लबोरोनं काढलेल्या 'फंक ब्राझील' या रेकॉर्डपासून त्याला पोर्तुगीज आवाज मिळाला. सत्तरच्या दशकात रिओच्या ज्या नाचांमध्ये सोल आणि फंक वाजायचे, तेच नाच पुढे या संगीताकडे वळले, म्हणून नाव टिकलं आणि आतलं संगीत बदललं. तेही मस्त आहे, पण या पानाचा विषय तो नाही.

सुरुवात कुठून करू? एकच अल्बम सांगा.

बांदा ब्लॅक रिओचा 'मारिया फुमासा', १९७७. जेमतेम अर्धा तास. गायक नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही. सॅक्सोफोनवादक ओबेर्दान मागाल्यांइस यानं १९७६ मध्ये हा बँड बांधला. 'मारिया फुमासा' म्हणजे वाफेचं इंजिन. शीर्षकगीत त्या वर्षी 'लोकोमोटिव्हास' या टीव्ही मालिकेचं गीत झालं. म्हणजे हा काही गुपचूप ऐकायचा दुर्मीळ माल नव्हता, संध्याकाळी घराघरात वाजत होता.

मला त्यातली गाण्यांची निवड आवडते. आरी बारोझोची जुनी सांबा-धून आहे, एदू लोबोची रचना आहे, लुईझ गोन्झागाचं ईशान्येकडचं 'बायाऊं' आहे. घरातलं सगळं सामान फंकच्या ट्रकमध्ये भरलं आहे. आणि एका गाण्याचं नाव आहे 'लेब्लॉं व्हाया वाझ लोबू'. लेब्लॉं ही श्रीमंतांची समुद्रकाठची वस्ती, वाझ लोबू उत्तरेकडचं कामगारांचं उपनगर. नाव वाचलं की बसची पाटी डोळ्यांपुढे येते. बँडचं अख्खं म्हणणं त्या पाटीवर लिहिलेलं आहे.

ऐकताना ब्रासकडे लक्ष जाईल, तो भपकेदारच आहे. दुसऱ्यांदा ऐकताना ब्रास सोडा आणि जामील जोआनेसचा बास धरा. तो फंकसारखा सुरू होतो आणि मध्येच सुर्दूचं काम करायला लागतो. तिसऱ्यांदा ऐकायला कुणी सांगावं लागत नाही.

आणि गाणारा हवा असेल तर?

मग दोन माणसं. जॉर्जी बेन आणि टिम माया. दोघंही रिओच्या तिजुका भागात वाढत्या वयात एकाच टोळक्यात होते.

जॉर्जी बेनचा हात ऐका. १९६३ मध्ये तो आला तेव्हा बोसा नोव्हाची, म्हणजे हळुवार केलेल्या सांब्याची नाजूक, बोटांनी छेडलेली गिटार चलनात होती. हा गिटारला तालवाद्यासारखा भिडला. उजवा हात तारांवर घासत, ठोकत, जणू मांडीवर खंजिरी घेऊन बसला आहे. १९७० चा 'फोर्सा ब्रुता' त्यानं साव पावलोच्या त्रिओ मोकोतो या तालवाल्यांबरोबर केला. अर्धवट झोपेतला, पावसाळी अल्बम. १९७४ चा 'आ ताबुआ जी एस्मेराल्दा' किमयागारांवर आहे, म्हणजे शिशाचं सोनं करणाऱ्यांवर. आणि १९७६ च्या 'आफ्रिका ब्राझील'मध्ये त्यानं इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. पहिलंच गाणं एका आफ्रिकन फुटबॉल स्ट्रायकरवर, आणखी एक फ्लामेंगो क्लबच्या झिकोवर. माझ्या मते सांबा-फंकमधला सगळ्यात ताकदीचा अल्बम हाच.

शोधताना एक लक्षात असू द्या: १९८९ मध्ये त्यानं नाव बदलून जॉर्जी बेन जोर केलं. ॲपवर दोन्ही नावांनी शोधा, नाही तर निम्मा माणूस सापडणार नाही.

टिम माया कोणता ऐकू? सगळ्या अल्बमचं नाव "टिम माया"च दिसतंय.

हो, १९७० ते १९७३ असे सलग चार अल्बम, चौघांचं नाव एकच. वर्ष बघूनच लावायचं. पहिला, १९७०चा, तोच घ्या.

माणूस समजून घेतल्याशिवाय आवाज समजत नाही. १९५९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाऊनमध्ये राहिला, सोल संगीत जन्माला येत होतं तेव्हाच कानानं ऐकलं, फ्लोरिडात गांजासकट पकडला गेला आणि १९६४ मध्ये परत पाठवला गेला. ब्राझीलमध्ये उतरला तो हे सगळं गळ्यात घेऊन. इतरांनी सोल रेकॉर्डवरून शिकलं, यानं शेजारच्या घरातून.

मग 'राशिओनाल' या अल्बमांचं प्रकरण. १९७४-७५ च्या सुमारास तो एका पंथाच्या नादी लागला. पुस्तक वाचलं, दारू-गांजा सोडला, पांढरे कपडे घातले आणि त्या पंथाच्या प्रचाराची गाणी रेकॉर्ड केली. कंपनीनं नको म्हटलं, तर स्वतःच्या 'सेरोमा' लेबलवर काढली. सेबास्तियांव रोद्रिगेस माया या खऱ्या नावाची पहिली अक्षरं जोडून झालेलं हे नाव. गंमत अशी की व्यसनं सुटल्यामुळे गळा एवढा स्वच्छ कधीच लागला नव्हता, आणि बँडही तसाच पेटलेला. थोड्याच दिवसांत भ्रम उतरला. त्यानं पंथ सोडला आणि त्या रेकॉर्डशी संबंधही तोडला. मग अर्थातच त्या दुर्मीळ झाल्या आणि संग्राहक त्यांच्यामागे लागले. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९९८ नंतर, त्या नव्यानं निघाल्या. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लुआका बॉप लेबलनं एक निवडक संग्रह काढला, बाहेरच्यांना सुरुवात करायला तो बरा.

शब्दांकडे दुर्लक्ष करा. परग्रह, ऊर्जा, "पुस्तक वाचा" असलंच सगळं आहे. आपल्याकडे भजनातला विचार पटला नाही म्हणून भजनाचा ठेका कुणी सोडतो का?

जॉर्जी बेनचं "ताजमहाल" नावाचं गाणं खरंच आपल्या ताजमहालावर आहे?

आपल्याच. शाहजहान, मुमताज, प्रेमकथा, सगळं. १९७२ च्या 'बेन' अल्बममध्ये ते पहिल्यांदा आलं, मग 'आफ्रिका ब्राझील'मध्ये विजेवर चालणारं. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्टच्या १९७८च्या गाजलेल्या डिस्को गाण्याचा मुखडा याच्याशी जुळला. दावा झाला, तडजोडीत मिटला. स्टुअर्टनं पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की चाल नकळत डोक्यात राहून गेली होती.

पण खरी मजा १९७५ च्या 'जिल इ जॉर्जी' या दुहेरी अल्बममध्ये आहे. जिल्बेर्तो जिल आणि जॉर्जी बेन समोरासमोर बसून वाजवतात आणि 'ताजमहाल' चौदा मिनिटांच्या वर जातं. दोघं जुगलबंदीत इतके रमलेत की मकबरा वगैरे कुणाच्या लक्षातही नाही. त्याच अल्बममध्ये 'फिल्योस जी गांधी' हे गाणं आहे. गाण्याचं नाव म्हणजे ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या गोदी कामगारांनी १९४९ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, सुरू केलेली कार्निव्हलची मिरवणूक. आजही पांढरा वेश आणि पांढरे फेटे घालून निघते. एका ब्राझिलियन रेकॉर्डवर ताजमहाल आणि गांधी दोन्ही, आणि दोन्हींवर नाचता येतं. आमच्या घरी पहिल्यांदा लावली तेव्हा दोघांनी कव्हर हातात घेऊन खात्री केली.

हे सगळं नेमकं सत्तरच्या दशकातच का झालं?

कारण रिओच्या उत्तर भागात शनिवार-रविवारी हजारोंच्या संख्येनं कृष्णवर्णीय तरुण नाचायला जमत होते. 'सोल ग्राँ प्री', 'फुराकाऊं दोइस मिल' अशी साउंडवाल्या टोळ्यांची नावं. मोठमोठे स्पीकर रचायचे आणि जेम्स ब्राउन लावायचा. केस वाढवलेले, उंच टाचांचे बूट, भिंतीवर स्लाइड्स. देशात १९६४ पासून लष्करी राजवट होती. लष्कराला वाटलं, अमेरिकेसारखी वांशिक चळवळ इथे उभी राहतेय. गुप्त पोलिसांनी फायली उघडल्या. सांब्याच्या सनातन्यांना वाटलं, हे परकं खूळ आहे. जुलै १९७६ मध्ये 'जोर्नाल दू ब्राझील'मध्ये लेना फ्रियास या पत्रकार बाईंचा मोठा लेख आला आणि त्यातून 'ब्लॅक रिओ' हे नाव रूढ झालं. त्याच्या मथळ्यात अभिमानाच्या पुढे कंसात "आयात केलेला" असं लिहिलेलं होतं.

रेकॉर्ड कंपन्यांना मात्र त्या गर्दीत गिऱ्हाईक दिसलं. बांदा ब्लॅक रिओला करार मिळाला तो या लाटेवर. आणि त्यांनी "हे आमचं नाही" म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर दिलं: सांबाच वाजवला, फंकच्या अंगानं.

ऐंशीच्या दशकात काय झालं?

सिंथेसायझर आले. लिंकन ओलिवेत्ती हा कीबोर्डवादक आणि संयोजक एवढ्या रेकॉर्डवर आहे की त्या काळातल्या समीक्षकांनी त्याच्यावर सगळं ब्राझिलियन संगीत "पाश्चराइज" केल्याचा आरोप केला. दूध तापवून एकसारखं करावं तसं. आज त्याच रेकॉर्डसाठी युरोपातले डीजे पैसे मोजतात. रॉब्सन जॉर्जीबरोबरचा त्याचा १९८२चा अल्बम ऐका आणि गायक-संगीतकार मार्कोस वालीचं १९८३चं 'एस्त्रेलार', जे चक्क व्यायामावर आहे. उन्हाळी, चकचकीत, थोडं उथळ. मला आवडतं, आमच्यातल्या एकाला जाहिरातीचं संगीत वाटतं. त्याचंही पूर्ण चुकत नाही.

"मॉडर्न फंक" म्हणजे आजचा कुठलाही फंक का?

नाही, आणि इथे खूप घोळ होतो. रेट्रो म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकाचा कच्चा, ब्रासचा फंक. ब्रुकलिनच्या डॅपटोन लेबलनं तो परत आणला. एका जुन्या घरात स्टुडिओ, टेपवर आठ ट्रॅक, सगळे वादक एकाच वेळी. त्यांची गायिका शॅरन जोन्सचा पहिला अल्बम २००२ मध्ये आला तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती आणि त्याआधी तिनं तुरुंगात रक्षकाची नोकरी केली होती. ब्रिटिश गायिका ॲमी वाइनहाउसच्या २००६च्या अल्बममागचा बराच आवाज शॅरनच्याच बँडचा.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा "मॉडर्न फंक". हे नाव लॉस एंजेलिसच्या बाजूनं रूढ झालं आणि त्याची नजर सत्तरकडे नाही, १९८० ते ८४ या काळाकडे आहे. ड्रम मशीन, जाड सिंथ-बास, मोकळी जागा. डेम-फंकचा २००९चा 'टोइचिझोन' पाच एलपींचा आहे. एका बैठकीत ऐकायच्या भानगडीत पडू नका. टक्सीडोचा २०१५चा अल्बम जास्त सोपा, लग्नातही वाजवता येईल असा. ब्राझीलच्या लिंकन ओलिवेत्तीला हे लोक काकाच मानतात म्हणा ना.

मग आजचे ब्राझिलियन अल्बम कोणते? जुनंच किती ऐकायचं?

इथे थोडा वेळ थांबतो.

सेउ जॉर्जीपासून सुरू करा. २००१चा 'सांबा एस्पोर्ची फिनू', बाहेरच्या देशांत 'कारोलिना' नावानं निघाला. निर्माता मारियो काल्दातो, ज्यानं बीस्टी बॉइज या अमेरिकन हिप-हॉप बँडबरोबर काम केलं होतं. घोगरा आवाज, ढिला ठेका. नवा असून कुठेही नव्याचा डामडौल नाही.

एद मोटा हा टिम मायाचा भाचा. गळा मामाचा, डोकं मात्र संग्राहकाचं. त्याच्या २०१३ च्या 'एओआर'मध्ये प्रत्येक स्वराला इस्त्री केलेली आहे. कौतुक वाटतं, पण मी तो वर्षातून एकदाच लावतो.

लुकास अर्रूदाचा 'सांबादी' हाही २०१३चाच. एस्पिरितु सांतू राज्यातला मुलगा, अल्बम निघाला फ्रान्समधल्या लेबलवर. मऊ, संध्याकाळचा. सत्तरच्या दशकातल्या मार्कोस वाली आणि आझिमुथ या ब्राझिलियन बँडच्या वळणाचा.

लिनिकेर. ही ट्रान्स गायिका साव पावलो राज्यातल्या आराराक्वारा गावातली. २०२१च्या 'इंदिगो बोर्बोलेता आनिल'ला पुढच्या वर्षी लॅटिन ग्रॅमी मिळालं. २०२४चा 'काजू' मला त्याहून आवडतो. आजच्या दिवसांत सात-सात मिनिटांची गाणी करायला धाडस लागतं. गाणं संपलं असं वाटतं, बँड थांबत नाही, आणि मग कळतं की गाणं आत्ता कुठे सुरू झालं आहे. अल्बमचं नाव वाचून हसू नका: तो आपलाच काजू आहे. म्हणजे त्यांचाच. झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलं आणि शब्दही बरोबर आला, मूळ तिथल्या तुपी भाषेतला.

मग म्हातारे. मार्कोस वालीनं ऐंशी ओलांडल्यावर २०२४ मध्ये 'तुनेल अकुस्तिकू' काढला, लंडनच्या फार आउट लेबलवर. हे लेबल १९९४ पासून असल्या लोकांना परत स्टुडिओत नेतंय. आझिमुथचं १९७९ चं 'जॅझ कार्निव्हल' इंग्लंडच्या टॉप-२० मध्ये गेलं होतं. त्यांचे कीबोर्डवादक बेर्त्रामी २०१२ मध्ये गेले, ड्रमर मामाऊं २०२३ मध्ये. २०१६चा 'फेनिक्स' ऐका, त्यात मामाऊं आहेत.

आणि दी मेलो. पेर्नांबुकोचा हा गायक. १९७५ मध्ये एक अप्रतिम अल्बम केला आणि दिसेनासा झाला. लोक समजले मेला. तो जिवंत निघाला आणि स्वतःला 'न-मरणारा' म्हणवून घ्यायला लागला. २०१९ मध्ये कोतोनेत या फ्रेंच बँडनं त्याच्याबरोबर 'आतेम्पोराल' केला. त्याच्या निम्म्या वयाची पोरं वाजवताहेत, पण मागे उभं राहून आदरानं नाही. खेचून पळवताहेत त्याला. जुनं-नवं एकत्र आणणाऱ्या अल्बमांमध्ये याला तोड नाही.

पण रेट्रो म्हणजे शेवटी नक्कलच ना?

बऱ्याचदा हो. जुना माइक, जुना ॲम्प, टेपचा खरखराट हे सगळं विकत मिळतं. त्यावर पिवळट रंगाचं कव्हर केलं की झालं. असले अल्बम पहिल्या मिनिटात फसवतात आणि तिसऱ्या गाण्यात कंटाळा आणतात.

माझी कसोटी एकच. सुर्दूचं काम कोण करतंय ते शोधा. कधी खरा सुर्दू असतो, कधी बास, कधी ड्रमरचा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा मोठा ढोल), लिनिकेरच्या बँडमध्ये कधी कधी नुसता पियानोचा डावा हात. ते काम कुणीतरी मनापासून करत असेल तर अल्बम जिवंत आहे, मग तो लॅपटॉपवर केलेला का असेना. कुणीच करत नसेल आणि वर नुसती वाह-वाह गिटार चिवचिवत असेल, तर तो वेशभूषा स्पर्धेतला शिवाजी आहे.

पोर्तुगीज येत नाही, नावं कशी उच्चारू?

थोडं चुकलं तरी चालतं, पण दोन-तीन गमती माहीत असू द्या. ब्राझीलमध्ये 'ति'चा 'चि' होतो, म्हणून टिमला ते 'चिम' म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' घशातून 'ह'सारखा येतो: रिओचं 'हिउ'. शेवटी व्यंजन आलं की इकार चिकटतो, त्यामुळे फंकचं 'फंकी' आणि रॉकचं 'हॉकी'. सांबा-हॉकी ऐकून आमच्या एका पाहुण्यानं मैदान कुठे आहे विचारलं होतं. नाकातला 'आऊं' गोव्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही.

आणि भाषा वाटते तेवढी परकी नाही. बटाटा, पाव, चावी, बालदी हे सगळे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणे.

सांब्यात तो कुत्र्याच्या पिलासारखा आवाज कसला?

कुईका. नावातच आवाज आहे. एका बाजूनं कातडं, आत मध्यभागी बांधलेली बारीक काडी, ती ओल्या फडक्यानं चोळायची आणि दुसऱ्या हातानं बाहेरून कातडं दाबून सूर वरखाली करायचा. चौंडक्याची आठवण येते, पण यात तार नसते.

एलपी घ्यावी की ॲपवर ऐकावं?

आधी ॲपवर. जे तीनदा लावाल तेच विकत घ्या. हा सल्ला मला कुणी दिला असता तर माझी एक खोली रिकामी असती.

एलपी घेणार असाल तर ठेच लागलेल्याकडून ऐका. मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'मारिया फुमासा'ची "१९७७ची पहिली आवृत्ती" घेतली. पार्सल फोडलं, कव्हर उलटं केलं, खालच्या कोपऱ्यात बारकोड. १९७७ मध्ये ब्राझीलच्या रेकॉर्डवर बारकोड कुठला? नवी आवृत्ती जुनी म्हणून गळ्यात मारली होती, वर कस्टमची भर. मूळ जुन्या ब्राझिलियन कव्हरवर बहुतेकदा 'दिस्कू ए कुल्तुरा' असं छापलेलं असतं, म्हणजे "रेकॉर्ड म्हणजे संस्कृती". सुविचार वाटतो, पण त्यामागे देशी संगीत काढणाऱ्या कंपन्यांना मिळणारी करसवलत होती. ते शब्द आणि बारकोड, दोन्ही तपासा.

नवी आवृत्ती घेण्यात कमीपणा काही नाही. लंडनहून सुरू झालेलं मिस्टर बाँगो लेबल चांगल्या काढतं. ब्राझीलमध्ये बेल्फोर्द रोशो इथला पोलिसॉम कारखाना २००७ मध्ये बंद पडला होता, २००९ मध्ये नव्या मालकांनी घेतला आणि जुने अल्बम पुन्हा छापायला लागला. सेउ जॉर्जी वाढला ते गाव हेच.

जपायचं म्हणाल तर रिओची हवा आपल्या कोकणपट्टीसारखीच दमट. तिकडून येणाऱ्या जुन्या कव्हरवर बुरशीचे ठिपके असतातच, आणि आपल्या जुलैत ते पसरतात. आलेली रेकॉर्ड लगेच इतरांत ठेवू नका. आतलं कागदी पाकीट बदला, उभी ठेवा, भिंतीला चिकटवून नको, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. कव्हर उन्हात वाळवायचा मोह होतो, वाकतं ते.

हेडफोन चालतील का?

चालतील. मोबाइलचा स्पीकर मात्र चालणार नाही. त्यातून बास आणि सुर्दू दोन्ही जातात, म्हणजे पोळी राहते आणि पुरण जातं.

आवाज किती ठेवायचा? सोसायटीत राहतो.

भिंतीतून आणि स्लॅबमधून खालचेच सूर जातात, वरचे नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षभरात एकदाही तक्रार केलेली नाही, पण परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं ते शनिवारचं गाणं छान असतं हो." कोणतं, म्हणून विचारलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कठड्यावर हातानं वाजवून दाखवलं. दुसऱ्या मात्रेवर बरोबर पडत होता.